मुलगी अलिकांते विद्यापीठात शिकतेय, मग मुक्काम सान विसेंतेत करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी एका सत्रासाठी स्पेनमधल्या अलिकांते विद्यापीठात गेली आहे. तुम्ही, तुमच्या पत्नी आणि 72 वर्षांच्या आई एप्रिल-मेच्या सुमारास सहा दिवस तिच्याकडे जाणार आहात. आईंचे गुडघे दुखतात आणि तिघेही शाकाहारी आहात. हॉटेल समुद्राकाठी अलिकांते शहरात घ्यावे, की ती राहते त्या सान विसेंतेत? आणि सान विसेंतेत बघण्यासारखे काही आहे का?

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांचे गट घेऊन याच गावात जाते. कधी तीन आठवडे, कधी सहा. त्या अनुभवावरून सांगते, पहिल्या पाच रात्री सान विसेंतेत राहा आणि शेवटची एक रात्र विमानतळाच्या सोयीसाठी अलिकांतेत. समुद्र ट्रामने अर्ध्या तासावर आहे, रोज जाता येईल. मुलीचे जगणे मात्र त्या गावातच आहे, आणि तुम्ही इतक्या लांब जाताय ते तेच बघायला.

आधी नाव नीट समजून घ्या, कारण पाट्यांवर ते दोन तऱ्हांनी दिसेल. स्पॅनिशमध्ये सान विसेंते देल रास्पेच, वालेन्सियन भाषेत सान्त विसेन्त देल रास्पेच. या प्रांतात दोन्ही भाषा राजभाषा आहेत, म्हणून अलिकांतेचेही अलाकान्त होते आणि ट्रामच्या थांब्यावर उनिवेर्सितात असे लिहिलेले असते. ते एकच विद्यापीठ. दुसरा घोळ जास्त महागात पडतो. जवळच्या एल्चे शहरात मिगेल एर्नान्देस नावाचे वेगळे विद्यापीठ आहे आणि अलिकांते-एल्चे विमानतळालाही 2021 पासून तेच नाव दिले आहे. ऑनलाइन शोधताना 'विद्यापीठाजवळ' म्हणून भलत्याच गावातली खोली घेतलेले पालक मी पाहिले आहेत. तुम्हाला हवे आहे ते अलिकांते विद्यापीठ. नाव शहराचे असले तरी त्याचा मुख्य परिसर शहराबाहेर, सान विसेंतेच्या हद्दीत आहे.

गाव म्हटले तरी वस्ती सुमारे 60 हजार आहे. पूर्वी हा अलिकांतेच्या पाठीमागचा कोरडवाहू शेतीचा भाग होता, बदाम आणि ऑलिव्हचा. एकोणिसाव्या शतकात गाव शहरापासून वेगळे झाले, मग सिमेंटचा कारखाना आला आणि मग विद्यापीठ. त्यामुळे इथे दगडी कमानींचे मध्ययुगीन चौक शोधू नका, सालामांका या जुन्या विद्यापीठ-शहरासारखे हे गाव नाही. चार-पाच मजली साध्या इमारती, संत्र्याची झाडे लावलेले रस्ते, मधोमध चर्च, चौकात बाकांवर बसलेली म्हातारी माणसे आणि दुपारी दोनला पाठीवर बॅगा घेऊन ट्राममधून उतरणारी पोरे. ज्यांना फक्त फोटो काढायचे असतात त्यांना हे गाव एका तासात पुरते. तुमचे तसे नाही.

कधी जावे? ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते आणि इथले सगळे तिच्यावर अवलंबून असते. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारपासून विद्यापीठाला सुट्टी लागते ती साधारण ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत. तो सोमवार म्हणजे संत विसेंते फेरेरचा दिवस. हा वालेन्सियाचा संत 1350 मध्ये जन्मला, 1419 मध्ये वारला, आणि त्याने इथे प्रवचन केले होते अशी गावाची श्रद्धा आहे. गावाला नाव त्याचेच. त्या सोमवारच्या आगेमागे गावाचा मोठा उत्सव असतो, मोरोस इ क्रिस्तियानोस, म्हणजे मूर (एकेकाळी स्पेनवर राज्य केलेले मुस्लिम) आणि ख्रिश्चन यांच्या लढायांची आठवण. माझा सल्ला असा की उत्सवाच्या शेवटच्या शनिवार-रविवारी पोहोचा आणि पुढच्या आठवड्यात राहा. दोन दिवस उत्सव मिळेल आणि मंगळवार-बुधवारपासून तास भरतील तेव्हा परिसरही जिवंत दिसेल. ते जमत नसेल तर मेचा पहिला पंधरवडा. मे संपता संपता परीक्षा सुरू होतात, तेव्हा मुलीला तुमच्यासाठी वेळ काढणे जड जाईल. ऑगस्टचा विचार कोणीच करू नये, विद्यापीठ जवळजवळ बंद असते आणि ऊन भाजते.

उत्सवाबद्दल थोडे सांगते, कारण नुसते 'मिरवणूक' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वेगळे चित्र येते. गावातल्या मंडळांना कोम्पार्सा म्हणतात. मूर बाजूची वेगळी, ख्रिश्चन बाजूची वेगळी. वर्षभर वर्गणी, कपड्यांची मापे, बँडशी बोलणी, सगळे चालू असते. मिरवणुकीत दहा-बारा जण खांद्याला खांदा लावून एका ओळीत, अतिशय संथ पावले टाकत येतात, पुढे एक म्होरक्या तलवार फिरवत त्या ओळीला खेळवतो आणि मागे पूर्ण बँड असतो. त्या संथ चालीत जी शिस्त आहे ती पाहताना मला दरवेळी आपल्या ढोल-पथकांच्या ओळी आठवतात. एक सावधगिरी मात्र घ्या. काही दिवशी जुन्या धाटणीच्या बंदुकांतून नुसत्या दारूचे बार काढतात आणि अरुंद गल्लीत तो आवाज छातीवर आदळतो. आईंसाठी कानात घालायचे बोळे ठेवा आणि त्या वेळी चौकापासून दोन गल्ल्या लांब बसा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, बघण्यासारखे काय आहे? सान विसेंतेत बघायचा आहे तो दिवसाचा क्रम. तो कळला नाही तर सहाही दिवस उपाशी आणि चिडलेले जातील. कळला तर तिसऱ्या दिवशी तुम्ही गावचे होऊन जाल.

शून्य रेखांश अलिकांते प्रांतातूनच जातो. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने इथे लंडनची वेळ असायला हवी. पण 1940 मध्ये स्पेनने घड्याळ तासभर पुढे नेले आणि ते पुन्हा मागे घेतलेच नाही. उन्हाळी वेळेत आणखी एक तास पुढे जातो. त्यामुळे एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोनच्या सुमारास आणि मावळतो साडेआठच्या पुढे. स्पॅनिश माणसे दोन-तीनला जेवतात याचे आपल्याला आश्चर्य वाटते, पण सूर्याच्या हिशेबाने ती भर दुपारीच जेवत असतात. ही एक गोष्ट लक्षात आली की बाकीचे आपोआप समजते.

सकाळी आठ-नऊला कॉफी आणि तोस्तादा, म्हणजे भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. आईंना हे नक्की आवडेल, फक्त वर मीठ थोडे जास्त मागा. साडेदहा-अकराला अल्मुएर्सो. स्पेनच्या बऱ्याच भागांत या शब्दाचा अर्थ दुपारचे जेवण असा होतो, पण वालेन्सियाच्या मुलखात तो मधल्या वेळच्या खाण्यासाठी वापरतात आणि ते खाणे इथे फार मनावर घेतात. गवंडी, शिक्षक, बँकेतली माणसे, सगळे लांब पाव, शेंगदाणे आणि ऑलिव्ह घेऊन अर्धा तास बसतात. दोन ते चार जेवण. दोन ते पाच बहुतेक लहान दुकाने बंद. पाचनंतर गाव पुन्हा उघडते, सहाला मुलांचे मेरिएन्दा, म्हणजे शाळेतून आल्यावरचा खाऊ, आणि सात ते नऊ पासेओ. पासेओ म्हणजे नटूनथटून रस्त्यावर हळूहळू फिरणे. काही विकत घ्यायचे नसते, कुठे पोहोचायचे नसते. आजीला हाताला धरून नातवंडे चालतात, ओळखीचे भेटले की दोन्ही गालांना गाल लावतात, पुन्हा चालू लागतात. तुमच्या मुलीला आणि तिच्या आजीला या दोन तासांत गावात एकत्र चालू द्या. बाकांची कमतरता नाही आणि रस्ता सपाट आहे. रात्रीचे जेवण नऊनंतर.

मधल्या वेळी, म्हणजे चार ते साडेआठ, बहुतेक स्वयंपाकघरे बंद असतात. मी पहिल्यांदा नऊ विद्यार्थी घेऊन रविवारी दुपारी चारला पोहोचले होते. सुपरमार्केट बंद, बेकरी बंद, आणि एकमेव उघड्या बारमध्ये ऑलिव्ह आणि वेफर्स. मुले प्रवासाने दमलेली, एका मुलीला मायग्रेन. त्या संध्याकाळी मला फार अपराधी वाटले. तेव्हापासून मी पहिल्या दिवसासाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवते, तुम्हीही ठेवा. रविवारी पोहोचत असाल तर मुलीला शनिवारीच भाजी, फळे, अंडी चालत असतील तर अंडी आणि तांदूळ आणून ठेवायला सांगा. आणि घड्याळात साडेतीन तासांचा फरक असल्याने पहिले दोन दिवस आईंना पहाटे तीनलाच जाग येईल आणि संध्याकाळी सहाला कडकडून भूक लागेल. म्हणून स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या.

मांसाहार न करणाऱ्यांनी जेवण मागवताना 'बेखेतारियाना' एवढाच शब्द सांगून थांबू नये. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, म्हटले तरी हॅमचे तुकडे येऊ शकतात, कारण अनेकांच्या मनात खामोन, म्हणजे हॅम, हे 'कार्ने'त मोडत नाही, आणि सॅलडवर ट्यूना तर ठरलेलाच. पूर्ण वाक्य पाठ करून जा: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून. पेस्कादो म्हणजे मासा, आतून म्हणजे ट्यूना. भाजीची पाएया, म्हणजे इथला भाताचा पदार्थ, मागवलीत तर रस्सा कशाचा आहे ते विचारा, त्याला काल्दो म्हणतात, आणि तो बहुधा माशाचा किंवा कोंबडीचा असतो. अलिकांतेचा भात फार नावाजलेला आहे, न्योरा नावाच्या गोडसर वाळक्या मिरचीवर त्याची चव उभी असते, पण शुद्ध शाकाहारी मिळायला शोधावे लागते. सर्वांत फसवा शब्द गास्पाचो. आपण तो टोमॅटोचे थंड सूप म्हणून ओळखतो. अलिकांतेच्या आतल्या गावांत गास्पाचोस म्हणजे ससा किंवा कोंबडीच्या रश्शात भिजवलेल्या बिनखमिराच्या रोटीचे तुकडे. मेनूवर अनेकवचन दिसले की सावध व्हा. तुमच्यासाठी खात्रीचे पदार्थ सांगते: तोर्तिया, म्हणजे अंडे-बटाट्याचे जाड ऑम्लेट, अंडे चालत असेल तर. तेलात परतलेल्या मिरच्या. भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची. आणि मेनू देल दिआमध्ये पहिल्या पदार्थाच्या यादीतली डाळ किंवा चणे, फक्त त्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, नाही ना हे विचारून. मेनू देल दिआ म्हणजे दुपारची ठरावीक किमतीची थाळी: दोन पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी. विद्यापीठाभोवती ती शहरापेक्षा स्वस्त मिळते. जेवण झाल्यावर लगेच उठू नका. ताटे गेल्यानंतर टेबलावर गप्पा मारत बसण्याला सोब्रेमेसा म्हणतात. बिल तुम्ही मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही, आणि इथे ते आपणहून न आणणे हाच मान आहे.

विद्यापीठाच्या परिसराला पूर्ण एक सकाळ द्या. मुलीला तुमच्याबरोबर येऊ द्या, पण तिच्या तासाच्या वेळी तुम्ही स्वतः फिरा. ही जागा मूळची राबासाचा विमानतळ. 1919 मध्ये तुलूझहून मोरोक्कोकडे टपाल नेणारी फ्रेंच विमाने अलिकांतेला थांबू लागली, तेव्हापासून या शहराचे विमानांशी नाते आहे. राबासाचे मैदान पुढे लष्कराकडे गेले. विमानतळ बंद झाल्यावर 1968 मध्ये तिथे महाविद्यालयीन केंद्र सुरू झाले आणि 1979 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. जुना नियंत्रण मनोरा अजून उभा आहे, बराकींपैकी काही इमारतीही वापरात आहेत. आज सुमारे 25 हजार विद्यार्थी इथे शिकतात. एवढ्या मोठ्या जागेत एकही चढ नाही, कारण ती धावपट्टी होती. आईंच्या गुडघ्यांना यापेक्षा सोयीची जागा या भागात नाही.

कुलगुरूंच्या कार्यालयाची इमारत पोर्तुगीज वास्तुविशारद आल्वारो सिझा यांची आहे, 1990च्या दशकातली. बाहेरून ती जवळजवळ बंद, पांढऱ्या भिंतींची दिसते. आत शिरलात की अंगणे आणि सावलीचे ओटे लागतात. उन्हाच्या मुलखात घर कसे बांधावे हे आपल्या वाड्यांनाही ठाऊक होते, त्यामुळे चौक पाहून तुम्हाला ओळखीचे वाटेल. विद्यापीठाचे संग्रहालय 1999 मध्ये उघडले, त्याभोवती पाण्याचा पातळ थर आहे आणि आतली प्रदर्शने आधुनिक कलेची असतात. बाहेर पाइनच्या सावलीत बसलात तरी चालेल.

पण मला या परिसराबद्दल सगळ्यात आवडते ती मिठाची गोष्ट, आणि ती मी प्रत्येक गटाला सांगते. अलिकांतेच्या दक्षिणेला सांता पोला नावाचे मासेमारीचे गाव आहे आणि त्याला लागून मोठी मिठागरे आहेत. उरण-वसईकडची मिठागरे पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटतील, फक्त काही वाफे गुलाबी असतात आणि त्यांत फ्लेमिंगो उभे असतात. समुद्रापेक्षा कितीतरी खारट त्या पाण्यात काही सूक्ष्मजीव मजेत जगतात. जवळच्या एल्चे शहरात जन्मलेले फ्रान्सिस मोखिका 1990च्या सुमारास याच विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. त्यांना अभ्यासाला दिलेला जीव त्या मिठागरांत सापडलेला होता. त्याच्या डीएनएमध्ये त्यांना ठरावीक अंतराने परत परत येणारे तुकडे दिसले. आधी वाटले प्रयोगात चूक झाली असावी. चूक नव्हती. मग त्यांनी त्याच कोड्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्या तुकड्यांना क्रिस्पर हे नाव त्यांनीच सुचवले. त्या तुकड्यांच्या मधला मजकूर विषाणूंकडून आलेला आहे, म्हणजे ही जिवाणूंची प्रतिकारयंत्रणा असावी, हे त्यांच्या लक्षात आले. तो निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठवला आणि अखेर 2005 मध्ये तो छापून आला. जनुके कापण्या-जोडण्याचे आजचे तंत्र त्याच यंत्रणेवर उभे आहे. 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना मिळाले, मोखिकांना नाही. पण सान विसेंतेत त्यांचे नाव काढून बघा, समोरच्याचा चेहरा फुलतो. तुमची मुलगी जीवशास्त्राची नसली तरी ती ज्या परिसरात रोज डबा खाते तिथे हे घडले आहे, हे तिच्या आजीला सांगा.

जमले तर एका सकाळी ती मिठागरे स्वतः बघून या. अलिकांतेहून सांता पोलाला बस जाते, मिठागरे मुख्य रस्त्यालगतच आहेत. त्याच दिवशी एल्चेचे खजुराचे बन जोडता येईल. दोन लाखांहून जास्त झाडे, अरबांच्या काळात आखलेले पाट आणि वाफे, आणि हे सगळे भर शहरात. युनेस्कोने 2000 मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवले. आई दमल्या असतील तर दोन्हींपैकी एकच करा, आणि तेव्हा एल्चे निवडा. तिथे सावली आहे आणि अलिकांतेहून साधी लोकल अर्ध्या तासात पोहोचवते.

अलिकांते शहरासाठी एल-2 ट्राम धरा. सान विसेंते, उनिवेर्सितात, मग हॉस्पिटल, मग जमिनीखाली शिरून मेर्कादो आणि शेवटी लुसेरोस. चढायला पायरी नसते, आईंना सोयीचे. 24 क्रमांकाची बसही हाच प्रवास करते आणि खिडकीतून वस्ती जास्त दिसते. एकेक तिकीट काढू नका, फेऱ्यांचे कार्ड भरून घ्या.

मेर्कादोला उतरा. तो शहराचा मध्यवर्ती बाजार, 1920च्या दशकातला, वर घुमट. आत मासळीचा भाग टाळून फळे, बदाम, ऑलिव्ह, न्योरा बघा. मागच्या चौकाचे नाव 25 मे. 1938 मध्ये त्या दिवशी सकाळी, स्पेनच्या यादवी युद्धात, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन विमानांनी या बाजारावर बॉम्ब टाकले. बाजाराची वेळ होती, तीनशेहून जास्त माणसे मेली. मी तिथे विद्यार्थ्यांना दोन मिनिटे उभे करते. मग बंदरावर जाते, कारण पुढच्याच वर्षी, 28 मार्च 1939 रोजी, युद्ध हरत आलेले असताना स्टॅनब्रुक नावाचे कोळसावाहू जहाज इथून 2,638 निर्वासितांना घेऊन अल्जेरियातल्या ओरानला गेले. कप्तान आर्चिबाल्ड डिक्सन माल उचलायला आले होते, त्यांनी माणसे उचलली. हे माहीत असेल तर एस्प्लानादा या बंदराकाठच्या फिरण्याच्या रस्त्यावर, लाटांच्या नक्षीच्या फरशीवरून चालताना समोरचे बंदर वेगळे दिसते.

सांता बार्बारा किल्ला चुकवू नका. तो 166 मीटर उंच खडकावर आहे, पण पोस्तिगेत किनाऱ्यासमोरच्या बोगद्यातून लिफ्ट वर जाते, त्यामुळे आईंनाही जमेल. चढणीच्या सांता क्रूस वस्तीत मात्र त्यांना नेऊ नका, पायऱ्या फार आहेत. सकाळी लवकर किंवा सहानंतर जा. वरून आत डोंगरांच्या पायथ्याशी जी सपाट वस्ती दिसते ती सान विसेंते. मुलीला तिची इमारत शोधायला सांगा. समुद्रस्नानाचा हट्ट एप्रिलमध्ये धरू नका, पाणी अजून गार असते. सान खुआनच्या लांब पुळणीवर अनवाणी चालणे त्यापेक्षा सुखाचे आहे.

बेनिदोर्म हे किनाऱ्यावरचे पर्यटकी शहर सोडा. ताबार्का बेट सुंदर आहे, पण बोट हलते आणि चढउतार करावी लागते, आईंसोबत नको. 20 ते 24 जूनच्या ओगेरास उत्सवात शहरभर उभारलेले प्रचंड पुतळे शेवटच्या रात्री जाळतात. तुम्ही तेव्हा नसाल, पण मुलीचे सत्र तोवर चालले तर तिला थांबू द्या.

कागदपत्रांबद्दल मोजकेच. व्हिसाचा अर्ज बीएलएस या स्पेनसाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यावा लागेल, विम्याची रक्कम किमान 30 हजार युरोंची हवी. मुक्कामाचा पुरावा म्हणून मुलीच्या फ्लॅटचा पत्ता देऊ नका. खाजगी घरी उतरायचे तर यजमानाला पोलिसांकडून निमंत्रणपत्र घ्यावे लागते, विद्यार्थिनीच्या भाड्याच्या खोलीवर ते मिळवणे कटकटीचे. सान विसेंतेत हॉटेले थोडी आहेत, म्हणून लवकर ठरवा. सुट्टीसाठी भाड्याने मिळणारा फ्लॅट घेतलात तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे ना बघा आणि ट्रामच्या थांब्यापासून चालत किती वेळ लागतो ते मुलीला प्रत्यक्ष चालून मोजायला सांगा. मुंबईहून अलिकांतेला थेट विमान नाही. कुठेतरी बदलून अलिकांतेलाच उतरा. माद्रिदला उतरणार असाल तर वेगवान रेल्वे अडीच तासांत आणते, फक्त तिकिटावर चामार्तीन स्टेशन आहे की आतोचा ते वाचा, दोन्ही शहराच्या दोन टोकांना आहेत. अलिकांतेच्या विमानतळावरून शहरात सी-6 बस येते. आई बरोबर आहेत, तेव्हा पहिल्या दिवशी टॅक्सी करून सरळ सान विसेंतेला जा.

शेवटी, मुलीसाठी काय न्यावे हे तुम्ही विचारले नाही, पण प्रत्येक पालक विचारतो. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई, पनीर, काहीच नाही. ताजी फळे आणि पालाही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाही, म्हणून आमरसाचा मोसम असला तरी हापूस नको, कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोकमे, पापड, लोणच्याची पक्क्या झाकणाची बरणी, हे सगळे सामानात घाला, हातातल्या पिशवीत नको. तूरडाळ आणि पोहे अलिकांतेतल्या आशियाई दुकानांत मिळतात, त्यांचे वजन वाहू नका. येताना खिखोनाचा मऊ तुर्रोन आणि अलिकांतेचा कडक तुर्रोन घ्या. पहिला बदाम आणि मधाच्या वड्यांसारखा लागतो, दुसरा चिक्कीसारखा. दोन्हींत अंड्याचा पांढरा बलक असू शकतो, वेष्टनावर 'क्लारा दे उएवो' लिहिले आहे का ते आईंसाठी वाचून घ्या.